जुने व्हॉल्व्ह की नवे? गिटारच्या अँपमध्ये जास्त टिकतं कोण, आणि नागपूरच्या उन्हात हा हिशोब कसा बदलतो

जुनं ते सोनं ही म्हण आपल्याकडे पितळेच्या भांड्यांपासून राजदूत मोटरसायकलपर्यंत सगळ्यांना लावून झाली आहे. गिटार वाजवणाऱ्यांच्या दुनियेत ती लावली जाते व्हॉल्व्हला. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात बनलेला मुलार्ड कंपनीचा व्हॉल्व्ह मिळाला, तर गिटारवादक त्याचे नव्या व्हॉल्व्हच्या कितीतरी पट पैसे मोजायला तयार असतात. कारण विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. पहिलं, आवाज गोड लागतो. दुसरं, जुना माल टिकतो, नवा आज घेतला की उद्या जातो.

आवाजाचं सोडून देऊ, तो ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न. दुसऱ्या उत्तरात मात्र खिशातले पैसे अडकलेले आहेत. शिवाय ऐन कार्यक्रमात अँप बंद पडला तर अब्रूही जाते. त्यात गेल्या काही वर्षांत या छोट्या काचेच्या वस्तूचा पुरवठा युद्ध, निर्बंध आणि आयात करात सापडला आहे. त्यामुळे जुना घ्यावा की नवा, हा विषय एकदा नीट समजून घ्यायला हवा.

व्हॉल्व्ह म्हणजे नेमकं काय?

ट्यूब म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ट्यूबलाइट येते. गिटारवाले ज्याला ट्यूब म्हणतात ती म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह. मराठी पुस्तकांत तिला निर्वात नलिका म्हणतात. आजोबांच्या रेडिओचं बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आधी आत लालसर उजेड दिसायचा, थोडा वेळ जायचा आणि मग बातम्या सुरू व्हायच्या. तो उजेड व्हॉल्व्हचाच.

काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक तार असते, तिला हीटर म्हणतात. हीटर तापला की त्याच्याभोवतीची कॅथोड नावाची नळी तापते. कॅथोडवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो, आणि तो तापला की इलेक्ट्रॉन सोडतो. समोर प्लेट असते. तिच्यावर शेकडो व्होल्टचा दाब असतो, म्हणून इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. दोघांच्या मधे ग्रिड नावाची बारीक जाळी असते. गिटारचा अगदी कमजोर सिग्नल या जाळीवर दिला की ती नळाच्या तोटीसारखी इलेक्ट्रॉनचा प्रवाह कमीजास्त करते. लहान सिग्नलचा मोठा सिग्नल होतो तो असा.

अँपमध्ये दोन प्रकारचे व्हॉल्व्ह महत्त्वाचे. पहिले प्रीअँपचे, लहान. त्यात सगळ्यात प्रसिद्ध १२एएक्स७. युरोपात त्यालाच ईसीसी ८३ म्हणतात, वस्तू एकच. दुसरे पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकर हलवणारे. त्यात ६एल६, ईएल ३४, ईएल ८४ ही नावं नेहमी ऐकू येतात. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

ट्रान्झिस्टर येऊन इतकी वर्षं झाली, तरी गिटारवाले व्हॉल्व्ह का सोडत नाहीत? कारण क्षमतेपेक्षा जास्त जोर दिला की व्हॉल्व्हचा अँप हळूहळू फाटतो, आणि तो फाटका आवाज कानाला आवडतो. रॉक आणि ब्लूजचा सगळा बाज त्यावर उभा आहे. फेंडर, मार्शल आणि व्हॉक्स यांचे जुने अँप प्रसिद्ध झाले ते याच आवाजामुळे.

मग अडचण कुठे आली?

एकेकाळी व्हॉल्व्ह जगभर बनायचे. अमेरिकेत आरसीए, जीई आणि सिल्व्हेनिया, इंग्लंडात मुलार्ड, हॉलंडमध्ये फिलिप्स, जर्मनीत टेलिफुंकन. घराघरात रेडिओ होता आणि प्रत्येक रेडिओत पाच-सहा व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टर आले, तसे १९७० आणि ८० च्या दशकांत पश्चिमेतले हे कारखाने एकामागून एक बंद झाले.

पूर्वेकडे मात्र व्हॉल्व्ह टिकले, आणि त्यामागे लष्कर हे मोठं कारण होतं. ६ सप्टेंबर १९७६ रोजी सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को आपलं मिग-२५ घेऊन जपानमध्ये उतरला. अमेरिकन तज्ज्ञांनी ते विमान खोललं तर आत व्हॉल्व्ह निघाले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले कारखाने गिऱ्हाईक शोधू लागले आणि त्यांना सापडले ते गिटारवाले.

आज गिटारच्या अँपसाठी लागणारे बहुतेक नवे व्हॉल्व्ह तीन देशांतून येतात. रशियातल्या साराटोव्ह शहरातला कारखाना न्यू सेन्सर या अमेरिकन कंपनीच्या हातात आहे. दुसरा जेजे इलेक्ट्रॉनिक, स्लोव्हाकियातल्या चाड्त्सा गावात. तिसरे चीनमधले उत्पादक. गंमत म्हणजे सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल, मुलार्ड, जेनालेक्स गोल्ड लायन ही दुकानात वेगवेगळी दिसणारी नावं न्यू सेन्सरचीच आहेत. म्हणजे आज नव्या डब्यावर मुलार्ड लिहिलेलं दिसलं, तर तो माल इंग्लंडचा नसतो, साराटोव्हचा असतो. नाव विकत घेतलं गेलंय, कारखाना नाही.

चीनच्या शुगुआंग या मोठ्या कारखान्याचं उत्पादन २०१९ च्या आसपास विस्कळीत झालं. ते सावरायच्या आत २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं. मार्च २०२२ मध्ये रशियाने दोनशेहून जास्त वस्तूंच्या निर्यातीवर बंदी घातली आणि त्यात व्हॉल्व्ह सापडले. न्यू सेन्सरचे प्रमुख माइक मॅथ्यूज यांनी ग्राहकांना तसं कळवलं आणि दुकानांतला माल झपाट्याने संपायला लागला. काही आठवड्यांत निर्यात पुन्हा सुरू झाली, पण त्याच वर्षी अमेरिकेने रशियन मालावरचा आयात कर ३५ टक्क्यांवर नेला. भाव वाढले ते पूर्णपणे खाली आलेच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या कराचं नागपूरला काय? तर तीन देशांवर चालणाऱ्या बाजारात एकाने दार लावलं की उरलेल्या दोघांपुढे जगभरची रांग लागते. आपण त्या रांगेत शेवटी उभे असतो, कारण आपल्याकडे खप कमी. नागपुरात अँप दुरुस्त करणारा माणूस व्हॉल्व्ह मुंबईहून किंवा थेट परदेशातून मागवतो. त्यावर कुरियर, आयात शुल्क आणि जीएसटी चढतो. व्हॉल्व्ह खराब निघाला तर परत पाठवायचा खर्च वेगळा.

भारतात बनत नव्हते का?

बनत होते. भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड, म्हणजे बीईएल, ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये बंगळुरूला सुरू झाली. १९६१ पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले, आणि त्यासाठी तंत्रज्ञान होतं फिलिप्सचं. १९६४ मध्ये कंपनीने आकाशवाणीसाठी ट्रान्समीटर बनवायला घेतले, १९६७ मध्ये ट्रान्समीटरचे मोठे व्हॉल्व्ह. १९७९ मध्ये पुण्यात कारखाना झाला, तिथे अंधारात पाहण्याच्या उपकरणांसाठी लागणाऱ्या नळ्या बनू लागल्या. मोठ्या आणि खास कामाच्या नळ्या राहिल्या, रेडिओच्या लहान व्हॉल्व्हचं उत्पादन मात्र ट्रान्झिस्टरने संपवलं. आज बीईएलचा शिक्का असलेला ईसीसी ८३ किंवा ईएल ८४ परदेशातले लोकही हौसेने शोधतात.

नागपूरचाही या गोष्टीत वाटा आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. १८ मे १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरजवळच्या १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून रात्रभर देशभर ऐकू जायची. एवढ्या ताकदीचे ट्रान्समीटर त्या काळी मोठ्या व्हॉल्व्हवरच चालत. ती वाहिनी जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली. रेडिओ, टेलिफोन, लष्कर आणि सुरुवातीचे संगणक ही व्हॉल्व्हची मोठी गिऱ्हाइकं एकेक करून गेली. जुन्या आणि नव्या मालातला खरा फरक इथे दडलेला आहे.

जुने व्हॉल्व्ह खरंच चांगले होते का?

काही होते. आणि त्याचं कारण कुठल्या हरवलेल्या गुप्त कृतीत नाही, हिशोबात आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली आपला स्वतःचा संगणक बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते.

आता एक साधा भागाकार करा. समजा, एक व्हॉल्व्ह सरासरी १०,००० तास चालतो. ऐकायला भरपूर वाटतं. पण असे २,७०० एकाच यंत्रात असतील, तर दर पावणेचार तासांनी त्यातला कुठला तरी एक जाणार. गणित अर्ध्यावर आलं की व्हॉल्व्ह शोधत बसा. म्हणजे संगणकवाल्यांना चांगला व्हॉल्व्ह नव्हे, फार म्हणजे फारच चांगला व्हॉल्व्ह लागायचा.

अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकावरही हीच अडचण होती. तिथल्या लोकांनी निकामी झालेले व्हॉल्व्ह फोडून तपासले. कॅथोडच्या निकेल धातूत सिलिकॉनचा अंश असायचा. व्हॉल्व्ह तापलेला असला आणि त्यातून प्रवाह जात नसला, की या सिलिकॉनमुळे लेप आणि धातू यांच्यामध्ये विजेला अडवणारा थर तयार व्हायचा. सिलिकॉन नसलेलं निकेल वापरल्यावर व्हॉल्व्हचं आयुष्य कितीतरी पटीने वाढलं. शिवाय ते ठराविक वेळाने मुद्दाम व्होल्टेज कमीजास्त करून यंत्र चालवायचे. जो व्हॉल्व्ह कमजोर झालेला असेल तो तेव्हाच सापडायचा, ऐन कामात दगा द्यायचा नाही.

दुसरं उदाहरण समुद्राखालचं. १९५६ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली टेलिफोन केबल टाकली गेली. वाटेत सिग्नल वाढवण्यासाठी केबलमध्येच व्हॉल्व्ह बसवलेले होते. समुद्राच्या तळाशी जाऊन व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे जहाज पाठवायचं. म्हणून ते अतिशय निवडून घेतले, कमी ताणावर चालवले आणि कधी बंदच केले नाहीत. ती केबल १९७८ पर्यंत सेवेत होती.

या दोन्ही गोष्टींत खराब व्हॉल्व्हचं नुकसान सोसणारा गिऱ्हाईक मोठा होता. तो कारखान्याला सांगू शकत होता की धातू बदला, तपासणी वाढवा, शंभरातले वीस फेकावे लागले तरी चालतील, आम्ही पैसे देतो. रेडिओचा साधा व्हॉल्व्हही त्याच कारखान्यात, त्याच कारागिरांच्या हातून आणि रोज हजारोंच्या संख्येने बनायचा. त्यामुळे त्या शिस्तीचा फायदा त्यालाही मिळायचा.

आजचा गिऱ्हाईक कोण? गिटारवाले आणि महागडे ऑडिओ सेट हौसेने ऐकणारे. कारखान्याला धातू बदलायला लावेल इतकी ताकद त्यांच्यात नाही. तपासणी कारखान्यातून बरीचशी दुकानदाराकडे सरकली आहे. चांगला विक्रेता प्रत्येक व्हॉल्व्ह काही तास चालवतो, मोजतो आणि जोड्या लावतो. वाईट विक्रेता पेटी उघडतो आणि पाठवतो. कारखाना एक, तारीख एक, तरी दोघांकडून घेतलेल्या मालाचा अनुभव वेगळा येतो तो यामुळे.

म्हणजे जुनेच घ्यावेत?

थांबा. त्या काळी बनलेला व्हॉल्व्ह आणि आज तुमच्या हातात येणारा जुना व्हॉल्व्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, आपल्याला दिसतात ते टिकलेलेच. १९६० चा जो व्हॉल्व्ह १९६१ मध्ये गेला तो कचऱ्यात गेला, त्याची आठवण कोणी ठेवत नाही. गावातले जुने वाडे पाहून सगळं जुनं बांधकाम भक्कम होतं असं वाटतं, कारण पडलेली घरं दिसत नाहीत. तसंच हे.

दुसरी, चाळण. न वापरलेल्या जुन्या मालाला बाजारात न्यू ओल्ड स्टॉक म्हणतात. हा साठा गेली कित्येक वर्षं व्यापारी आणि शौकीन चाळत आलेत. उत्तम व्हॉल्व्ह केव्हाच उचलले गेले. आज त्याच खोक्यातून निघतात त्यांतले बरेच आधी कोणीतरी बाजूला ठेवलेले असतात.

तिसरी, वापराचा इतिहास. कॅथोडचा लेप मेणबत्तीसारखा झिजतो. जुना व्हॉल्व्ह किती तास जळलाय हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. भंगारातल्या रेडिओतून काढून, पुसून, नव्या खोक्यात घातला की तो न वापरलेला म्हणून विकता येतो. काचेवरची अक्षरं पुसून दुसरी छापणंही अवघड नाही. मुलार्डच्या नावावर दहा पट भाव मिळत असेल, तर हे करणारे निघणारच.

एक गोष्ट मात्र डोळ्यांनी दिसते. व्हॉल्व्हच्या काचेला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. तो बेरियमचा असतो आणि आत उरलेली हवा शोषून घेतो. तो पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. त्याच्या कडा विरळ आणि तपकिरी झाल्या असतील तर व्हॉल्व्ह बराच वापरला गेला असू शकतो. पण चकचकीत डाग म्हणजे चांगला व्हॉल्व्ह, असं उलटं समीकरण मांडू नका. लेप झिजला तरी डाग चमकत राहू शकतो.

आणि नवे? ते लवकर जातात हे खरं का?

अर्धं खरं. कुठल्याही उपकरणाच्या बिघाडाचा आलेख बहुधा आंघोळीच्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला उंच, मग लांबलचक सपाट, शेवटी पुन्हा चढ. सुरुवातीचे बिघाड बनावटीतल्या दोषांमुळे होतात, शेवटचे झिजेमुळे. नव्या व्हॉल्व्हमध्ये हा सुरुवातीचा चढ उंच असतो, कारण तो गाळून काढणारी तपासणी कारखान्यात कमी झाली आहे. पहिले पन्नास-शंभर तास निभावले तर नवा व्हॉल्व्हही वर्षानुवर्षं चालतो.

जुना व्हॉल्व्ह या आलेखावर नेमका कुठे उभा आहे, ते कळत नाही. सपाट भागाच्या सुरुवातीला असेल तर तुमचं नशीब. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी असेल तर दहा पट पैसे देऊन म्हातारपण विकत घेतलं. नव्याचा धोका पहिल्या महिन्यात समोर येतो, तेव्हा वॉरंटी सुरू असते. जुन्याचा धोका कधीही येतो, आणि त्याला सहसा वॉरंटी नसते.

नागपूरमध्ये हिशोब कसा बदलतो?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. एवढ्या गरमीत व्हॉल्व्ह लवकर जात असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण पॉवर व्हॉल्व्हची काच चालू असताना २०० अंशांच्या आसपास तापते. त्याला बाहेर ३० अंश आहेत की ४५, याने फार फरक पडत नाही.

फरक पडतो त्याच्या शेजाऱ्यांना. अँपमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. दुसरे लहान कपॅसिटर जुने होऊन गळू लागले, की पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो दाब येतो. व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढतो आणि त्याची प्लेट लाल होते. आपण म्हणतो, व्हॉल्व्ह खराब निघाला. नवा घालतो, तोही लाल होतो. मग म्हणतो, हल्लीचा मालच खराब. दोष कपॅसिटरचा आणि नाव व्हॉल्व्हचं. नव्या व्हॉल्व्हची बदनामी बरीचशी अशी झाली आहे.

दुसरी गोष्ट वीज. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरली जाते, प्रत्यक्षात ती वरखाली होते. अनेक परदेशी अँपना २२० व्होल्टची जोडणी असते. असा अँप २४० वर चालवला तर ६.३ व्होल्टच्या हीटरला सुमारे ६.९ व्होल्ट मिळतात. प्लेटवरचे ४५० व्होल्ट ४९० च्या आसपास जातात. हीटर जास्त तापला की कॅथोडचा लेप लवकर उडतो. ईएल ८४ सारखे व्हॉल्व्ह तर काही अँपमध्ये आधीच मर्यादेच्या काठावर चालवलेले असतात, त्यांना हा जादा दाब थेट मारतो. त्यात लाइट जाणं-येणं आणि मंडपात जनरेटरवर चालवणं धरा. थंड हीटरला झटक्यात वीज मिळते तेव्हाच त्याची तार तुटण्याची भीती सगळ्यात जास्त असते.

म्हणून दहा हजारांचा जुना मुलार्ड घेण्याआधी अँपच्या मागची व्होल्टेजची जोडणी तपासा आणि चांगला स्टॅबिलायझर घ्या. तो जुन्या आणि नव्या दोन्ही व्हॉल्व्हचं आयुष्य वाढवतो.

तिसरी गोष्ट कुलर. विदर्भात उन्हाळ्यात घरोघरी कुलर लागतो. ओलसर हवा आणि धूळ व्हॉल्व्हच्या सॉकेटवर बसते, मग अँप चरचर करतो. इथेही शिव्या व्हॉल्व्हला पडतात. बऱ्याचदा सॉकेट साफ केलं की आवाज थांबतो.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही

३० मे २०२४ ला नागपूर देशभर गाजलं. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं. त्याच वेळी दुसऱ्या काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. पुढे हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तोवर ५६ चा आकडा व्हॉट्सअॅपवर गावभर फिरला होता.

जुन्या व्हॉल्व्हच्या बाजारात असे आकडे रोज फिरतात. विक्रेता लिहितो, टेस्टरवर ९५ टक्के. टेस्टर कुठला? कधी जुळवून घेतलेला? ९५ टक्के कशाच्या? व्हॉल्व्ह टेस्टर ही यंत्रंही पन्नास-साठ वर्षांची आहेत, आणि त्यांचेही भाग म्हातारे झालेत. साधे टेस्टर कॅथोड किती इलेक्ट्रॉन सोडतो एवढंच पाहतात, तेही अँपपेक्षा खूप कमी दाबावर. त्यात पास झालेला व्हॉल्व्ह अँपमध्ये घरघर करू शकतो. स्पीकरच्या हादऱ्याने आतले भाग थरथरून टिणटिण आवाजही येऊ शकतो. टेस्टरचं नाव, मोजलेला आकडा आणि नव्या व्हॉल्व्हला अपेक्षित असलेला आकडा, हे तिन्ही सांगणारा विक्रेता असेल तरच त्याच्या टक्केवारीला अर्थ आहे.

मग पैसे कुठे घालायचे?

पॉवर व्हॉल्व्ह नवेच घ्या. ते जास्त ताणावर चालतात, आयुष्य मर्यादित असतं आणि ठराविक काळाने बदलावेच लागतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला तर सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो, आणि जुन्या अँपचा ट्रान्सफॉर्मर मिळवणं व्हॉल्व्ह मिळवण्यापेक्षा अवघड आहे. जोडी लावलेले आणि वॉरंटी असलेले घ्या. अँपला लागत असेल तर बसवताना बायस जुळवून घ्या.

प्रीअँपमध्ये जुना व्हॉल्व्ह घ्यायला हरकत नाही. तिथे प्रवाह जेमतेम एक मिलीअँपियर असतो, ताण कमी असतो आणि चांगला व्हॉल्व्ह अनेक वर्षं जातो. पण टिकतो म्हणून मुलार्डचे पैसे देऊ नका. आवाज आवडला तर द्या. घरातल्या किंवा ओळखीच्या जुन्या रेडिओतला बीईएलचा ईसीसी ८३ सापडला तर फेकू नका, जाणत्याकडून तपासून घ्या.

नवा व्हॉल्व्ह आणला की खोक्यात जपून ठेवू नका. पहिल्या महिन्यात रोज वाजवा. जायचा असेल तर घरी जाऊ दे, वॉरंटीत जाऊ दे. कार्यक्रमाला जाताना तपासलेला एक १२एएक्स७ आणि पॉवर व्हॉल्व्हची एक जोडी पिशवीत असू द्या. अँप तासन् तास स्टँडबायवर ठेवू नका. व्हर्लविंडवाल्यांनी दाखवलंच आहे, की नुसता तापलेला आणि काम नसलेला कॅथोडही बिघडतो.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. व्हॉल्व्ह अँपमध्ये ४०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहू शकतो. व्हिडिओ बघून अँप उघडू नका. व्हॉल्व्ह बदलण्यापुरतं ठीक, तेही अँप बंद आणि थंड असताना. आतलं काम कारागिराचं.

नागपुरात व्हॉल्व्हचं काम येणारे कारागीर बहुतेक वयाने मोठे आहेत. रेडिओच्या काळात हात बसलेली ती पिढी. त्यांच्याकडे शिकायला बसणारी पोरं कमी आहेत, कारण या कामात रोजचं गिऱ्हाईक नाही. साराटोव्हचा कारखाना उद्या बंद झाला तर स्लोव्हाकियातून माल येईल, भाव वाढेल, पण येईल. अँप उघडून हा दोष व्हॉल्व्हचा नाही, कपॅसिटरचा आहे, हे सांगणारा माणूस मात्र कुरियरने मागवता येत नाही. तुमच्या शहरात असा कोणी असेल तर जुन्या मुलार्डचे पैसे वाचवा आणि वर्षातून एकदा त्याच्याकडून अँप तपासून घ्या.